तो खडक उकळू नका. मग झोआंच्या रंगांकडे वळू

वाचकाचं पत्र: नमस्कार. आमचा १८० लिटरचा रीफ टँक, म्हणजे प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक, आता दहा महिन्यांचा झाला. त्यात मला नुसत्या झोॲन्थिडची (प्रवाळांच्या कुळातल्या, फुलांसारख्या दिसणाऱ्या जीवांची) बाग करायची आहे, फोटोंत दिसते तशी रंगांनी भरलेली. आतापर्यंत नऊ नावांचे नऊ फ्रॅग, म्हणजे वसाहतीतून कापलेले तुकडे, आणले. बहुतेकांवर फुलासारखे पॉलिप एक किंवा दोनच. त्यातला गुलाबी फ्रॅग खालच्या कपारीत ठेवला, तर तो तपकिरी झाला आणि मान लांब करून उभा आहे. वर लाइटच्या अगदी खाली ठेवलेले दोन फ्रॅग तीन आठवडे झाले तरी उघडत नाहीत. पाणी एकदम स्वच्छ आहे: नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. कोणते दहा रंग निवडावेत ते सांगाल का? एका जुन्या खडकावर मोठ्या तपकिरी बटणांसारखे पॉलिप भरमसाट वाढलेत. रविवारी तो खडक काढून उकळणार आहे, म्हणजे नव्यांना जागा होईल. चार वर्षांच्या मुलीला टँकचं फार वेड आहे, ती माझ्याबरोबर पाण्यात हात घालून सगळं करते.

नमस्कार,

रंगांचं नंतर बोलू. आधी तो खडक. तो उकळू नका. मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, वाफेने साफ करू नका, ब्रशने घासू नका, गरम पाण्याच्या धारेखाली धरू नका. तुमच्या पत्रातल्या त्या एका ओळीमुळे हे उत्तर मी बाकीची पत्रं बाजूला ठेवून लिहिते आहे.

झोॲन्थिड म्हणून आपण घरी आणतो त्यात मुख्यतः दोन घराणी असतात, झोॲन्थस आणि पॅलिथोआ. हौशी मंडळी त्यांना झोआ आणि पॅली म्हणतात. तुमची मोठी तपकिरी बटणं बहुधा पॅली आहेत. पॅलिथोआच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. १९७१ साली हवाई विद्यापीठातल्या रिचर्ड मूर आणि पॉल श्यूअर यांनी ते वेगळं काढल्याचं प्रसिद्ध झालं. त्यांचे नमुने माउई बेटावरच्या हाना भागातल्या एका डबक्यातले होते. तिथले लोक त्या जीवाला पूर्वापार ‘हानाचं मारक शेवाळ’ म्हणत आले होते, आणि भाल्याच्या टोकाला ते चोळलं की जखम जीव घेते अशी तिथली आख्यायिका होती. प्रथिन नसलेल्या विषांत याच्याइतकी जहाल विषं निसर्गात फार थोडी आहेत. आपल्या पेशींच्या आवरणात सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ढकलणारा एक पंप असतो. हे विष त्या पंपाला चिकटतं आणि त्याचं सताड उघडं दार करून टाकतं.

उकळल्याने हे विष नाहीसं होत नाही. उलट वाफेबरोबर बारीक तुषारांतून ते खोलीभर पसरतं आणि घरातली माणसं, कुत्री-मांजरं सगळी तेच श्वासात घेतात. असे खडक उकळल्यावर अख्खी कुटुंबं ताप, खोकला, धाप आणि छाती आवळल्याची तक्रार घेऊन हॉस्पिटलात गेल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. तोंडात धातूसारखी चव येणं ही त्यातली एक खूण. डोळ्यात पाणी उडालं तर बुबुळाला गंभीर इजा होऊ शकते. या विषावर उतारा नाही, डॉक्टर लक्षणांवरच उपचार करतात. त्यामुळे कधी संशय आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात ‘पॅलिटॉक्सिन’ आणि ‘ॲक्वेरियम’ हे दोन शब्द सांगा. नाहीतर साध्या फ्ल्यूची औषधं मिळतील.

घाबरून टँक विकायला निघू नका. २०११ साली अमेरिकेत ॲक्वेरियमच्या दुकानांतले नमुने तपासले गेले, तेव्हा काही पॅलींत हे विष भरपूर सापडलं आणि काहींत सापडलंच नाही. तपासलेले झोॲन्थस विषारी निघाले नाहीत. पण नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही, म्हणून प्रत्येक पॅली विषारी आहे असंच धरून चालायचं. टँकमध्ये शांतपणे उघडलेली पॅली कोणाला काही करत नाही. धोका असतो तो कापताना, चिरडताना, घासताना, तापवताना आणि वाळवून भुगा होताना.

खडक काढायचाच असेल तर अख्खा काढा, त्यावर काही कापत बसू नका. लांब हातमोजे आणि गॉगल घाला, हातावर जखम असेल तर ते काम दुसऱ्याला सांगा. खडक पाण्यात असतानाच त्याच्याशेजारी बादली बुडवा, पाण्याखालीच तो बादलीत घ्या आणि बादलीसकट बाहेर काढा. म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. मग उघड्या हवेत, घरापासून दूर, पातळ केलेल्या ब्लीचच्या पाण्यात तो बुडवून ठेवा. ब्लीचने हे विष मोडतं. नंतर ओला असतानाच पिशवीत बंद करून टाकून द्या. तो खडक परत टँकसाठी वापरायचा मोह धरू नका. टँकमध्ये लगेच नवा ॲक्टिव्हेटेड कार्बन घाला, स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र) चालू ठेवा आणि थोडं पाणी बदला. हे सगळं चालू असताना मुलगी दुसऱ्या खोलीत असू दे.

मुलीबद्दल एवढंच म्हणेन की तिचं वेड मोडू नका, तिचे हात मात्र पाण्याबाहेर राहू देत. माशांना खाणं घालणं, रोज सकाळी कोणता पॉलिप आधी उघडला ते बघून वहीत काढणं, चाचणीच्या नळीतला रंग तक्त्याशी जुळवणं ही कामं तिची. पाण्यात हात तुमचे, आणि तेही मोजे घालून.

आता बाग.

तुम्ही दहा रंग विचारलेत. माझं उत्तर आहे चार. पुढच्या वर्षभरात फार तर पाच.

नऊ फ्रॅग, नऊ नावं, प्रत्येकी एक-दोन पॉलिप, याची बाग दिसत नाही. तो नमुन्यांचा ट्रे दिसतो. फोटोंत तुम्हाला जी बाग भुरळ घालते ती नीट बघा: तिथे एका रंगाचे चाळीस-पन्नास पॉलिप एकमेकांना खेटून बसलेत, त्याच्या कडेला दुसऱ्या रंगाचा तसाच पट्टा आहे, आणि दोन रंग जिथे भिडतात तिथे डोळा थांबतो. झोआ एकेकटे नसतात. पायथ्याशी मांसल पडद्यासारख्या जाळीने ते जोडलेले असतात, आणि ती जाळी खडकावर पुढे सरकत नवे पॉलिप काढते. आपण निवडायची ती ही जाळी. एकेका पॉलिपचं तोंड कितीही देखणं असलं तरी जाळी सरकत नसेल तर बाग होणार नाही.

म्हणून आधी दोन भराभर वाढणारे, काटक प्रकार घ्या. एक हिरव्या झालरीचा, एक केशरी किंवा तांबूस. ‘ईगल आय’ नावाने मिळणारे झोआ यासाठी वर्षानुवर्षं भरवशाचे ठरलेत. तिसरा गडद घ्या, जांभळा किंवा निळसर, म्हणजे बाकीचे त्याच्यावर उठून दिसतील. सगळेच भडक असले की एकही दिसत नाही. चौथा तुमच्या हौशीचा, दोन-तीन रंगांचा. ‘रास्ता’ म्हणतात त्याची हिरवी झालर, पिवळं-लालसर कडं आणि जांभळट मध्यभाग मला स्वतःला फार आवडतो. पण तो चौथाच, पहिला नाही. पहिले दोन तुमच्या पाण्यात तीन महिने वाढून दाखवोत, मग चौथा आणा.

नावांवर मात्र फार जाऊ नका. ही नावं शास्त्रीय नाहीत, विकणाऱ्यांनी आणि हौशी लोकांनी दिलेली आहेत. एकच झोआ दुसऱ्या टँकमध्ये, दुसऱ्या लाइटखाली वेगळा रंग धरतो आणि वेगळ्या नावाने फिरतो. मी एकदा दोन वेगळ्या नावांचे फ्रॅग मोठ्या हौसेने शेजारी शेजारी लावले. चार महिन्यांत दोन्ही एकसारखे झाले, कुठला कोणता ते आता मलाही सांगता येत नाही.

आणि निवडताना लाइट बघा. निळ्या उजेडात दुकानातला प्रत्येक फ्रॅग निखाऱ्यासारखा पेटलेला दिसतो. झोआंमध्ये फ्लुरोसंट प्रथिनं असतात. ती निळा प्रकाश शोषतात आणि हिरवा, पिवळा, केशरी परत देतात. १९९९ साली मॉस्कोच्या संशोधकांनी प्रवाळांच्या कुळातल्या जीवांत अशी सहा प्रथिनं शोधली. त्यातलं एक हिरवं आणि एक पिवळं झोॲन्थसमधलं होतं. आज प्रयोगशाळांत पेशींना खूण करायला तशीच प्रथिनं वापरतात. सांगायचं हे की ती चमक खरी आहे, पण निळा उजेड आहे तोवरच. शिवाय काही गुलाबी, जांभळे, निळे रंग फ्लुरोसंट नसतात. ते नुसता प्रकाश परतवतात, त्यामुळे निव्वळ निळ्यात काळपट दिसतात आणि पांढऱ्या उजेडात खुलतात. तुम्ही टँकसमोर बसता तेव्हा कोणता लाइट चालू असतो ते आधी ठरवा. त्या उजेडात ज्याचा रंग आवडेल तोच फ्रॅग घ्या. विकणाऱ्याला पांढरा लाइट लावायला सांगण्यात काहीही गैर नाही.

रंगाइतकंच फ्रॅगचं अंग बघा. चार-पाच पॉलिपपेक्षा कमी असेल तर मी घेत नाही. एकुलत्या पॉलिपला काही झालं की सगळंच संपतं. जाळी प्लगवर, म्हणजे फ्रॅग चिकटवलेल्या चकतीवर, उतरून पसरलेली हवी, म्हणजे तो फ्रॅग काल कापून चिकटवलेला नाही हे कळतं. कडेला मसुराएवढी पिल्लं दिसली तर डोळे मिटून घ्या. देठावर पिवळट-पांढऱ्या पुटकुळ्या दिसल्या तर ठेवून द्या. तो झोआ पॉक्स हा झोआंचा रोग असू शकतो. आणि तो झोआ आहे की पॅली हेही ओळखा. पॅली आपल्या अंगात वाळूचे कण भरून घेते, त्यामुळे तिचा देठ जाड आणि खरबरीत दिसतो. झोॲन्थसचा देठ गुळगुळीत असतो. लहान मूल असलेल्या घरात बाग निव्वळ झोॲन्थसची असावी असं माझं स्पष्ट मत आहे. पॅलींचे हिरवे रंग कितीही सुंदर असले तरीही.

तुमच्या त्या गुलाबी फ्रॅगकडे येते. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि उजेडावर अन्न बनवून त्याला देतं. ते शैवाल मुळात तपकिरी. कपारीत उजेड कमी पडला की पॉलिप ते जास्त साठवतो, आणि त्याचा स्वतःचा रंग मागे पडतो. लांब केलेली मान हे त्याचं मागणं आहे: उजेड द्या. त्याला एकदम वर नेऊ नका. दर आठवड्याला एक पायरी वर आणा. पीएआर मीटर (शैवालाच्या उपयोगाचा उजेड मोजणारं यंत्र) कोणाकडून मिळाला तर ७५ ते १२५ च्या आसपास जागा शोधा. बहुतेक झोआंना तेवढा उजेड मानवतो. रंग परतायला दोन-तीन महिने लागतील.

वरचे दोन मिटलेले आहेत त्यांची गोष्ट उलट. डोक्यावर जळजळीत लाइट आणि पाण्यात काहीच नाही. शून्य नायट्रेट, शून्य फॉस्फेट ऐकायला छान वाटतं, पण झोआंसाठी ती उपासमार आहे. निसर्गात यांतले बरेच उथळ, गढूळशा पाण्यात मजेत राहतात. शिवाय दोन्ही शून्यावर गेले की डायनोफ्लॅजेलेट नावाच्या सूक्ष्म जीवांचा तपकिरी चिकट थर यायची भीती असते, आणि तो आला की महिनोन् महिने जात नाही. माशांना थोडं जास्त खाणं घाला, फॉस्फेट काढणारं माध्यम लावलं असेल तर काढा, स्किमर थोडा हलका चालवा. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ पीपीएमच्या आसपास आलं की थांबा. घाई नको, तीन-चार आठवडे घ्या. बाकी पाण्यातल्या मिठाचं प्रमाण ३५ पीपीटी (हजार भागांत ३५), तापमान २५-२६ अंश आणि अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल झेलायची पाण्याची ताकद, तिच्या डीकेएच या मापात ८-९ राहू दे. आकड्यापेक्षा तो दिवसेंदिवस तसाच राहणं झोआंना जास्त भावतं. त्यांना सांगाडा नसतो, त्यामुळे कॅल्शियमसाठी कडक प्रवाळांइतकी धडपड नको.

पण ते दोन खाली आणण्याआधी एक काम करा. दिवे मालवल्यावर तासाभराने टॉर्च आणि भिंग घेऊन त्यांच्याजवळ बसा.

हे मी ठेच लागून शिकले. माझी एक केशरी वसाहत अशीच मिटून राहिली. मी लाइट बदलला, प्रवाह बदलला, पाणी बदललं, काही फरक नाही. एका रात्री टॉर्चमध्ये एक मिटलेला पॉलिप हळूच दुसऱ्यावर चढताना दिसला. तो पॉलिप नव्हताच. झोआ खाणारी न्यूडिब्रँक गोगलगाय होती, जेमतेम नखाएवढी. तिच्या पाठीवरच्या झालरींना हुबेहूब त्याच झोआंचा केशरी रंग, कारण तेच खाऊन तिने तो अंगात घेतला होता. देठाच्या मागच्या बाजूला पांढुरक्या अंड्यांची चक्राकार फीत चिकटवलेली होती. तोवर निम्मी वसाहत गेली होती, आणि दोष मी पाण्याला देत होते.

म्हणून फ्रॅग घरी आला की त्याला थेट टँकमध्ये सोडायचं नाही. आयोडीनच्या किंवा प्रवाळांसाठीच्या तयार द्रावणात, बाटलीवर लिहिलंय तितकाच वेळ, बुडवायचा आणि ड्रॉपरने पाण्याच्या फवाऱ्याने झटकायचा. तळाशी काय पडतं ते पांढऱ्या भांड्यात नीट दिसतं. या द्रावणाने अंडी मरत नाहीत, ती चिमट्याने खरवडावी लागतात, आणि राहिलीच तर त्यासाठी आठवड्याने पुन्हा बुडवावं लागतं. सोबत आलेला प्लग शक्य तर फेकून द्या, किडी आणि नको असलेलं शैवाल त्यावरूनच येतं. काळ्या-पांढऱ्या चौकटींची, बसक्या चक्रीसारखी दिसणारी सुंदर गोगलगाय सापडली तर मुलीला दाखवा आणि बाहेर काढा. ती सनडायल, तीही झोआंवरच जगते. मग महिनाभर वेगळ्या छोट्या टाकीत. मला माहीत आहे, हा महिना फार लांब वाटतो. पण ज्या दिवशी हा महिना वाचवावासा वाटेल, त्या दिवशी माझी केशरी वसाहत आठवा.

मांडणी करताना दोन प्रकारांत किमान चार बोटं जागा सोडा. झोआ आपापसांत फारसे डंख मारत नाहीत, पण भराभर वाढणारा हळू वाढणाऱ्याला गिळतो. तुमचे हिरवे आणि केशरी वाळूत मोकळ्या ठेवलेल्या वेगळ्या खडकांवर लावा, बेटांसारखे. वाळू ओलांडून जाळी सहसा जात नाही, आणि खडक नको झाला तर उचलता येतो. रास्तासारखा निवांत वाढणारा मुख्य खडकावर, एकटा. ग्रीन स्टार पॉलिप आणि झेनिया ही मऊ प्रवाळं या बागेत नकोतच, ती तणासारखी पसरतात. सेंट्रोपायगी जातीचे छोटे एंजलफिश घेण्याचा विचार असेल तर सोडा. काही एंजल वर्षभर साधे वागतात आणि एक दिवस झोआ टोचायला लागतात. मधल्या जोराचा, आंदोलणारा प्रवाह ठेवा. झालरी हलत्या राहायला हव्यात, आडव्या पडायला नकोत.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, तरी सांगते. शक्यतो दुसऱ्याच्या टँकमध्ये वाढलेल्या वसाहतीचा फ्रॅग घ्या, समुद्रातून काढलेला नको. कडक सांगाड्याचे प्रवाळ साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, झोॲन्थिड त्यात नाहीत. पण बऱ्याच देशांत समुद्रातून कोणतंही प्रवाळ काढण्यावर त्यांचे स्वतःचे कायदे आहेत. टँकमध्ये वाढलेला फ्रॅग कोंडलेल्या पाण्याला आणि कृत्रिम उजेडाला सरावलेला असतो, त्यामुळे तुमच्याकडेही लवकर रुळतो.

तेव्हा नवीन काहीही आणू नका, निदान दीड-दोन महिने. आहेत त्या नऊंतले कोणते तुमच्या पाण्यात नवे पॉलिप काढतात ते बघा, प्रत्येकाचा आज एक फोटो काढा आणि पॉलिप मोजून ठेवा. मोजायचं काम मुलीला द्या. खडक निघाला, नायट्रेट शून्यावरून हललं आणि वरच्या दोघांवर टॉर्च मारून झाला, की मला पुन्हा लिहा. सोबत फोटो पाठवा, पांढऱ्या उजेडातले.